पापाकाका

आमच्या सोसायटीत गणपतीतली एक संध्याकाळ 'विविध गुणदर्शना'ची असते. गुण दरवर्षी तेच असतात, दर्शन मात्र नव्याने घ्यावं लागतं. छोट्यांचे नाच होतात, सी विंगमधल्या भगिनींचा मंगळागौरीचा कार्यक्रम होतो, एक आजोबा नकला करतात आणि कुणाची नक्कल होती ते शेवटी स्वतःच सांगतात. मग निवेदिका म्हणते, "आणि आता आपण सगळे ज्यांची आतुरतेने वाट पाहतोय..." वाट कुणी पाहत नसतं. पण हे टळणार नाही, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. बी विंगमधले पापाकाका तोवर खुर्चीतून अर्धे उठलेलेच असतात.

त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ती पाटी वाचायची वेळ फक्त कुरियरवाल्यावर येते. बाकी लहानथोर सगळे त्यांना पापाकाकाच म्हणतात. वय पंचावन्नच्या आसपास, भांगाची हद्द वर्षागणिक मागे सरकत चाललेली, शर्ट नीट खोचलेला. माइक ते डाव्या हातात धरतात, कारण उजवा हात पोटावर गिटार वाजवण्यात गुंतलेला असतो. गिटार नसते. पोट असतं. फोनवर ट्रॅक तयार असतो, आणि तोही आवाजाला झेपेल असा दोन पट्ट्या उतरवलेला. डोळे मिटून, मान किंचित तिरकी करून ते सुरू करतात : 'पापा कहते हैं'. सिनेमा 'क़यामत से क़यामत तक', साल १९८८.

हे गाणं ते बारशाला म्हणतात, पन्नाशीच्या वाढदिवसाला म्हणतात, लग्नातल्या संगीतात म्हणतात आणि ऑफिसातल्या निरोप समारंभात तर म्हणतातच. "सिनेमात ते फेअरवेललाच आहे," हा त्यांचा युक्तिवाद. ते खरंही आहे. पण सिनेमातला निरोप कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या पोरांचा आहे. पापाकाकांनी तो निवृत्त होणाऱ्या वरिष्ठ लेखापालांना दिला. आता या गृहस्थांना आयुष्यात पुढे कुठे जायचंय याबद्दल कुणाच्याच मनात शंका नव्हती. ते सावंतवाडीला जाऊन काजूची बाग बघणार होते आणि हे त्यांनी गेली चार वर्षं रोज डबा खाताना सांगितलं होतं. तरी गाणं संपेस्तोवर साहेबांचे डोळे पाणावले. वडिलांची आठवण झाली म्हणे.

या गाण्याची मेख इथेच आहे. त्यात बापाला दिलेली जागा अगदी थोडी आहे. सुरुवातीलाच सांगून टाकलंय की बाबांच्या मते पोरगं मोठं नाव काढणार. त्यानंतर पोरगं बाबांचं ते मत नीट घडी घालून बाजूला ठेवतं आणि म्हणतं की आपण नेमके निघालोय कुठे हे कुणालाच माहीत नाही. बरोबरीचे कुणी इंजिनियर होतील, कुणी धंद्यात शिरतील. याच्या डोक्यात भलतंच काही आहे. आवाज चढवलेला नाही, दार आपटलेलं नाही. बापाला इतक्या गोड गळ्याने 'नाही' म्हणणारं दुसरं गाणं हिंदीत मला तरी आठवत नाही. इतकं गोड, की बापांना ते 'हो' वाटलं. तिकडे कॅट स्टीव्हन्सने १९७० साली 'फादर अँड सन' केलं, तेव्हा एकाच गळ्यातून बापाचा खालचा आणि मुलाचा वरचा असे दोन आवाज काढून दोघांना समोरासमोर उभं केलं. ते ऐकून कुठल्या बापाचा गैरसमज होणार नाही. आपल्याकडे एकाच सुरात काम भागवलं, आणि तिथेच घात झाला.

घात किती पूर्ण आहे हे पाहायचं असेल तर निकाल लागल्यावर होणारे गुणवंत विद्यार्थ्यांचे सत्कार पाहावेत. फ्लेक्सवर नेत्याचा फोटो दाराएवढा, विद्यार्थ्यांचे पासपोर्ट साइजचे. पोरगं मंचावर चढलं की डीजेवाला हेच गाणं लावतो आणि पहिल्या ओळीनंतर बरोब्बर आवाज उतरवतो, कारण तोवर पुष्पगुच्छ देऊन झालेला असतो. ज्या 'पण'साठी अख्खं गाणं रचलं, तो 'पण' यायच्या आत पुढच्या गुणवंताचं नाव पुकारलं जातं. असल्या समारंभांना पापाकाका पहिल्या रांगेत बसून मान डोलावतात. गाताना ते मुलगा असतात, ऐकताना बाप. मधल्या मध्ये आपली बाजू बदलली, हे त्यांना कुणी कळवलेलं नाही.

तसा त्यांचा या गाण्यावरचा हक्क अस्सल आहे. २९ एप्रिल १९८८ ला सिनेमा लागला तेव्हा त्यांची बारावीची परीक्षा होऊन गेली होती आणि निकाल लागायचा होता. आपण कुठे जाणार हे खरोखर माहीत नसण्याचे मराठी मुलाच्या आयुष्यात तेवढेच दोन-अडीच महिने असतात. त्यातच हे गाणं आलं. टी-सिरीजची कॅसेट घरोघरी गेली, टू-इन-वनवर झिजली, आत रीळ गुंतलं की पेन्सिल घालून पुन्हा गुंडाळली गेली. पापाकाकांनी चाळीतल्या एका सुटलेल्या मुलाकडून सेकंडहँड गिटार घेतली. तीन कॉर्ड आल्या. एफची काही आली नाही, बोट पुरेना.

घरात नाना होते. नाना म्हणजे पापाकाकांचे वडील, विक्रीकर खात्यात हेडक्लार्क. त्या पिढीच्या बापांमध्ये 'पोरगं नाव काढेल' हे पोराच्या तोंडावर म्हणण्याची पद्धत नव्हती. ते पाहुण्यांना सांगायचं, पोरगं घरात नसताना. पोराच्या वाट्याला यायचं ते "काय दिवे लावणार आहात?" रागावले की नाना मुलाला अहो-जाहो करीत. "आपण गिटार घेतलीत असं कळलं," असं त्यांनी जेवताना म्हटलं तेव्हा पापाकाकांच्या घशात भाकरी अडकली होती.

निकाल लागला. मार्क असे होते की त्यांबद्दल धड आनंदही होईना आणि दुःखही. आधीचा काळ असता तर प्रश्न तिथेच मिटला असता. पण १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनियरिंग कॉलेजांना दार उघडून दिलं होतं. तोवर इंजिनियर व्हायला मार्क लागत. आता बापही चालत होता. कॅपिटेशन फीला बंदी घालणारा कायदा १९८७ मध्ये झाला होता, त्यामुळे नानांनी प्रॉव्हिडंट फंडातून काढून जी रक्कम भरली तिची पावती इमारत निधीच्या नावाने मिळाली. ती इमारत पुढे चार वर्षांत कुणाला दिसली नाही.

पापाकाकांनी बंड केलं. म्हणजे गच्चीवर जाऊन हे गाणं म्हटलं. रोज संध्याकाळी, पाण्याच्या टाकीला टेकून. मग ऑगस्टमध्ये प्रॉडक्शन इंजिनियरिंगच्या वर्गात जाऊन बसले. पुढे भोसरीला नोकरी, क्वालिटी डिपार्टमेंट, लग्न, वन बीएचके, टू बीएचके, आणि वॉर्डरोबच्या वरच्या कप्प्यात गवसणीसकट गिटार. ही सगळी हकीकत ते "आमच्या वेळी चॉइसच नव्हता" या एका वाक्यात सांगतात, आणि वाक्य संपलं की उजवा हात आपोआप पोटाकडे जातो.

गाणं करणारी मंडळी कोण होती याची चौकशी पापाकाकांनी कधी केली नाही. केली असती तर जरा गोंधळले असते. मुलाची वाट कुणालाच ठाऊक नाही असं सांगणारं हे गाणं ज्यांनी केलं, त्यांतल्या बहुतेकांच्या वाटेवर बापाने आधीच दिवे लावून ठेवले होते. दिग्दर्शक मन्सूर खान हे निर्माते नासिर हुसेन यांचे चिरंजीव. नायक आमिर खान नासिर हुसेनांचा पुतण्या. संगीतकार आनंद-मिलिंद हे जुने संगीतकार चित्रगुप्त यांचे मुलगे. वाट सोडून आलेला खरा माणूस यात एकच : गीतकार मजरूह सुलतानपुरी. शिक्षणाने युनानी हकीम, दवाखाना टाकून शायरीत शिरलेले. पण तरुणांच्या तोंडी हे शब्द घातले तेव्हा त्यांचं वय अडुसष्ट होतं. म्हणजे पापाकाका ज्याला आपल्या पिढीचा आवाज म्हणतात तो नानांपेक्षाही वयाने मोठा होता. उदित नारायण दहा वर्षं मुंबईत धडपडत होते, या गाण्याने त्यांना फिल्मफेअर मिळवून दिलं. बापाने काय म्हटलं होतं ते माहीत नाही, नाव मात्र झालं.

सिनेमात हे गाणं चालू असताना मुलाचा बाप मागे गुपचूप येऊन उभा असतो. तुरुंगातून सुटून आलेला. मुलाचं गाणं ऐकून हरखून जातो. पापाकाकांना हा प्रसंग फार प्रिय आहे. "बघा, बाप कसा मागे उभा राहतो, सपोर्टिव्ह!" पुढे तोच सपोर्टिव्ह बाप मुलाच्या प्रेमाआड येतो आणि दोन घराण्यांच्या हट्टापायी अखेर दोन्ही मुलं जीव गमावतात, हा भाग पापाकाकांच्या सांगण्यात येत नाही. सिनेमा त्यांच्यापुरता तिथे फेअरवेललाच संपतो.

नानांसारखं व्हायचं नाही, हे त्यांनी मुलगी झाली त्या दिवशीच ठरवून टाकलं होतं आणि शब्द पाळला. मुलगी त्यांना 'अरे बाबा' म्हणते, ते तिला 'ब्रो' म्हणतात. दहावीनंतर त्यांनी तिला समोर बसवून सांगितलं, "तुला जे करायचं ते कर. माझं कसलंही प्रेशर नाही. फक्त सायन्स घेऊन ठेव, म्हणजे सगळे ऑप्शन ओपन राहतात." बारावीनंतर सांगितलं, "तुझी पॅशन तू ठरव. फक्त सीईटीचा फॉर्म भरून ठेव." पर्सेंटाइल चांगला आला तेव्हा, "फक्त कॅप राउंडला कॉम्प्युटर पहिलं टाक." नानांनी एका फटक्यात जे केलं ते पापाकाकांनी तीन 'फक्त'मध्ये केलं आणि तिसरा 'फक्त' म्हणून होण्याआधी मुलीला पिझ्झा खायला नेलं. तिच्या अठराव्या वाढदिवसाला गाणं म्हटलं हे सांगायला नकोच. बेटा म्हणजे बेटीसुद्धा, असंही माइकवर जाहीर केलं. काकूंनी तेवढ्यात समोसे वाटायला घेतले.

आणि मग गेल्या वर्षी मिरज आली.

मुलगी लहानपणापासून गाण्याच्या क्लासला जाते. क्लासमधल्या तानपुऱ्याची जवारी गेली होती, म्हणून बाईंबरोबर ती तो घेऊन मिरजेला गेली. सतारी आणि तानपुऱ्यांसाठी मिरज दीडशेहून अधिक वर्षं प्रसिद्ध आहे. तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकनही मिळालं. दुरुस्तीला दोन दिवस लागणार होते. दोन दिवस ती तिथे कारागिराच्या शेजारी बसून होती. कानस घोडीवरून किती हलकी फिरवायची, सूत तारेखाली कुठे सरकवलं की आवाज उमलतो, हे ती बघत होती. परत आली तेव्हा शेवटच्या वर्षाला होती, कॅम्पस प्लेसमेंटचं वेळापत्रक लागलं होतं, आणि तिने जेवणाच्या टेबलावर सांगितलं की परीक्षा झाली की ती मिरजेला जाऊन तानपुरे करायला शिकणार आहे.

त्या रात्रीचं संभाषण आमच्या घरी खिडकीतून आलं. कान द्यावे लागले नाहीत.

"तानपुरे म्हणजे?"

"तानपुरे म्हणजे तानपुरे, बाबा."

"अगं, फोनवर ॲप आहे ना त्याचं!"

"त्या ॲपमधला आवाज कुणाच्या तरी खऱ्या तानपुऱ्यातूनच आलाय ना?"

मग बराच वेळ नुसती भांडी वाजली. मग पापाकाकांचा प्रश्न आला की तानपुरा मुळात कशाचा करतात. मुलीने सरळपणे सांगितलं की खाली भोपळा असतो, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो, कडू भोपळा, वाळवून.

"भोपळा!" पापाकाका ओरडले. "पेपरात भोपळा मिळू नये म्हणून बालवाडीपासून क्लास लावले मी! अकरावी-बारावीला इंटिग्रेटेडची फी भरली! आणि आता भोपळ्यातच करियर?"

"तूच म्हणालास ना पॅशन ठरव म्हणून?"

"पॅशन म्हणजे साइडला! शनिवार-रविवार!" आणि मग, सदतीस-अडतीस वर्षं ज्या घशातून ते गाणं निघत आलं त्याच घशातून : "काय दिवे लावणार आहात तिथे जाऊन?"

अहो-जाहो. माझ्या बायकोने पंखा बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून.

मुलीने तोवर त्या गाण्याचीही माहिती काढलेली होती. तिने विचारलं, "बाबा, तुझ्या त्या सिनेमाचा दिग्दर्शक आत्ता काय करतो माहितीय?" पापाकाकांना माहीत नव्हतं. मन्सूर खान आयआयटीत होते, अमेरिकेत कॉर्नेल, एमआयटी करून डिग्री न घेता परत आले, सिनेमे काढले आणि तेही सोडून कुन्नूरला शेतावर चीज बनवायला लागले, हे तिने एका दमात सांगितलं. पापाकाका म्हणाले, "त्यांचं वेगळं आहे." का वेगळं, ते नाही सांगितलं. ज्याच्या सिनेमातलं गाणं आपण इतकी वर्षं म्हणतो त्याने खरंच तसं वागून दाखवावं, ही अपेक्षा त्यांनी ठेवलीच नव्हती.

नाना आतापर्यंत दिवाणावर बसून होते. शहाऐंशी वर्षांचे, कानाला मशीन. नातीच्या बाबतीत नाना म्हणजे निव्वळ लोणी. ज्या माणसाने मुलाची गिटार बघून आठवडाभर अबोला धरला, तो नातीच्या तानपुऱ्याला रोज जुन्या धोतराच्या फडक्याने पुसतो. आजोबा झाल्यावर माणसं सुधारतात की नुसती थकतात, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. नाना म्हणाले, "जाऊ दे तिला."

झालं. आतापर्यंत मुलीवर रोखलेली तोफ गर्रकन फिरली.

"जाऊ दे? मला जाऊ दिलं होतंत, नाना? मला?"

नानांनी मशीन नीट बसवलं. "तू कुठे जायचं म्हणाला होतास?"

उत्तर आलं नाही. पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"मी वाट बघत होतो," नाना म्हणाले. "म्हटलं, काहीतरी सांगेल. तू रोज गच्चीवर जाऊन 'कुठे जायचं ठाऊक नाही, ठाऊक नाही' असं ओरडत होतास. अख्ख्या चाळीला ऐकू जात होतं. म्हटलं, याला खरंच ठाऊक नाही बिचाऱ्याला. मग मी फॉर्म आणला."

पापाकाका त्यावर काय बोलले ते कळलं नाही, कारण काकूंनी तेवढ्यात खिडकी लावून घेतली. काकूंचं टायमिंग नेहमीच चांगलं असतं.

तीन-चार दिवस घरात शांतता होती. त्या काळात पापाकाकांनी वॉर्डरोबवरची गिटार खाली काढली, तारा गंजल्या होत्या, पुन्हा वर ठेवली. जिन्यात भेटले तर मान हलवायचे, बोलायचे नाहीत. मग एके दिवशी उमेदीने म्हणाले, "सुट्टी टाकलीय. मिरजेला जाऊन येतो. एकदा फॅकल्टी बघून घेतो." क्वालिटीत तीस वर्षं काढलेला माणूस, व्हेंडरचं ऑडिट केल्याशिवाय मुलगी पाठवणार नाही हे ओघानेच आलं. बापलेक कोयना एक्स्प्रेसने निघाले. पापाकाकांनी वही घेतली होती.

पुढचं मला मुलीकडून कळलं. दुकानात छताला भोपळे टांगलेले, पायाशी लाकडाचा भुसा, आणि एक वयस्क कारागीर मांडी घालून बसलेले. पापाकाकांनी बूट काढून बैठकीवर बसून पहिला प्रश्न विचारला, "आपल्याकडे बॅच कितीची असते?" कारागिरांनी मुलीकडे पाहिलं, मग रिकाम्या चटईकडे बोट दाखवलं. दुसरा प्रश्न, कोर्स किती वर्षांचा. ते म्हणाले, हात बसेपर्यंत. हे पापाकाकांनी वहीत लिहून घेतलं. तिसरा प्रश्न प्लेसमेंटचा होता, पण तोवर कारागिरांनी जवारी तपासायला एक तानपुरा उचलून छेडला होता, आणि पापाकाकांना जरा थांबावं लागलं. त्यांचा उजवा हात म्हणे पोटाकडे गेला, आणि मग मांडीवर गुपचूप ठेवला गेला. मुलीने हे दोनदा सांगितलं.

"गिटारची एफ कॉर्ड लागत नाही," ते एकदम म्हणाले. "बोट पुरत नाही. काही इलाज?"

कारागिरांनी त्यांचा हात हातात घेऊन, उलटसुलट करून पाहिला. "बोट पुरतंय की," म्हणाले. "रियाज पुरला नाही."

यंदा गणपतीत पापाकाका गायले. गाणं तेच, पट्टी तीच. मुलगी मिरजेला होती, नाना पहिल्या रांगेत मशीन काढून बसले होते. कार्यक्रम संपल्यावर ए विंगच्या नव्या बिऱ्हाडकरूंनी विचारलं, मुलगी काय करते?

"अकूस्टिक इन्स्ट्रुमेंट डिझाइन," पापाकाका म्हणाले. "मिरज स्कूल. जीआय टॅग आहे."

"अरे वा! आणि फर्स्ट इयरला काय असतं?"

"रॉ मटेरियल सिलेक्शन," ते म्हणाले.

मागून नानांचा आवाज आला, मशीन नसल्यामुळे जरा मोठाच : "भोपळे निवडते हो, भोपळे!"